लांबच्या प्रवासात आधी झोपेचा हिशेब

आपल्या पनवेलची गंमत अशी, की इथून कुठेही जाता येते. जुना पुणे रस्ता आहे, कळंबोलीहून सुटणारा द्रुतगती मार्ग आहे, बंदराकडे जाणारे कंटेनर आपल्या दारावरूनच जातात आणि कोकणात उतरणारा महामार्गही इथूनच निघतो. या शेवटच्या रस्त्याला आपण अजून ‘गोवा हायवे’च म्हणतो. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता आणि तो केरळात कोचीजवळ एडापल्लीला संपत असे. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा हा ६६ झाला आणि त्याचे दुसरे टोक थेट कन्याकुमारीला गेले. म्हणजे पनवेलहून निघालेला माणूस रस्ता न बदलता, समुद्र उजव्या हाताला ठेवून, सुमारे १६०० किलोमीटरवर देशाच्या टोकाला पोहोचतो.

हे वाचून कुणाच्याही मनात गाडी काढण्याची इच्छा होईल. होतेही. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली, की माझ्या दवाखान्यात ‘गाडी लागण्याच्या गोळ्या’ मागायला येणाऱ्यांची संख्या वाढते. गोळ्या लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, किती दिवसांत जाणार? उत्तर बहुधा ठरलेले असते. ‘दोन दिवसांत मारतो, डॉक्टर. मी आणि मेव्हणा आलटूनपालटून चालवू. रात्री निघतो, म्हणजे ट्रॅफिकही लागत नाही.’

यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. त्याचा हिशेब आपण जरा कागदावर मांडून पाहू.

समजा, घरचा कर्ता माणूस सकाळी सहाला उठला. दिवसभर ऑफिस केले, संध्याकाळी येऊन बॅगा भरल्या, जेवला आणि रात्री अकराला गाडीत बसला. गाडी पळस्पे फाट्यावर वळते तेव्हा तो सतरा तास जागा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सतत जागे ठेवलेल्या आणि दारू दिलेल्या माणसांची तुलना केली. सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हात व नजर यांचा मेळ, रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडलेला आढळला. चोवीस तासांच्या जागरणानंतर तो याच्या दुप्पट अल्कोहोल असल्यासारखा बिघडला. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्या गृहस्थाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तो पनवेलची वेस ओलांडतानाच कायद्याने गाडी चालवण्यास अपात्र ठरेल अशा अवस्थेत असतो. फरक एवढाच, की त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि नाक्यावरचे यंत्र त्याला पकडत नाही.

आता घड्याळ पुढे सरकवा. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. ते रात्री दोन ते पहाटे पाच-सहाच्या दरम्यान झोपेचा जोर सर्वांत जास्त वाढवते आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास पुन्हा थोडा वाढवते. दुपारच्या झापडीचा सगळा दोष आपण जेवणाला देतो, पण उपाशी माणसालाही ती येते. रात्री अकराला निघालेली गाडी पहाटे तीन-चारला महाड-पोलादपूर ओलांडून घाटरस्त्याला लागते. चालक एकवीस-बावीस तास जागा, शरीराचे घड्याळ झोपेच्या शिखरावर, बाहेर अंधार, समोरून येणाऱ्या दिव्यांचा मारा आणि गाडीतली बाकी सगळी मंडळी गाढ झोपलेली. धोक्याची ठरवून जुळवणी करायची म्हटली तरी याहून चांगली जमणार नाही.

१९ जानेवारी २०२३ रोजी पहाटे पाचच्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील रेपोली येथे याच महामार्गावर मोटार आणि ट्रक यांची टक्कर होऊन एकाच गोतावळ्यातली नऊ माणसे गेली. त्या अपघाताचे कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. पण अशा बातम्या वाचताना मी आधी वेळ पाहतो, आणि ती वेळ पुन्हा पुन्हा पहाटेचीच असते.

डुलकी म्हणजे काय?

अनेकांची समजूत असते, की झोप येऊ लागली तर आपल्याला कळेल आणि आपण थांबू. पेंग येते हे कळते, पण डोळा लागला तो क्षण कळत नाही. थकलेला मेंदू दोन-चार सेकंदांसाठी काम बंद करतो आणि पुन्हा सुरू होतो. डोळे उघडेही असू शकतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंदांत झाले ११० मीटर, तेही कुणीच चालवत नसताना. झोपेत झालेल्या अपघातात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा अनेकदा सापडत नाहीत, त्याचे कारण हेच.

याची पूर्वसूचना मिळते, ती मात्र ओळखायला शिकावे. सारख्या जांभया, डोळे चोळणे, मान सावरणे, गाडी पट्ट्यावरून एका बाजूला सरकणे. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले हे न आठवणे. ‘अरे, वडखळ केव्हा गेलं?’ असा प्रश्न चालकाने विचारला, तर त्याला उत्तर देत बसू नका. गाडी बाजूला घ्यायला सांगा.

काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूची चिमूट तोंडात टाकणे, मिरची चावणे हे सगळे उपाय मी ऐकले आहेत. त्यांनी पाच-दहा मिनिटे बरे वाटते आणि तेवढ्याच भरवशावर माणूस पुढचे पन्नास किलोमीटर जायला निघतो. झोपेवर उपाय झोपच आहे. सुरक्षित जागी, पंपाच्या किंवा धाब्याच्या आवारात गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. त्याआधी कपभर कडक कॉफी किंवा चहा घेतला तर अधिक चांगले, कारण त्याचा परिणाम सुरू व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि जाग येते तेव्हा तो हजर असतो. तासभर झोपलात तर उठल्यावर डोके काही वेळ जड राहते, लगेच चाक हातात घेऊ नये. आणि हा आराम फक्त पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरता असतो. रात्रीची झोप त्याने भरून निघत नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. बंद जागेत, गॅरेजमध्ये किंवा पावसात काचा घट्ट लावून, इंजिन व एसी चालू ठेवून गाडीत झोपू नका. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो आत शिरला तर झोपलेला माणूस उठत नाही.

पाच दिवसांची कन्याकुमारी

मग किती दिवस धरावेत? पगारी मोटार कामगारांसाठी आपल्याकडे १९६१ साली कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. हा कायदा करणाऱ्यांनी रोज गाडी चालवणाऱ्या, सराव असलेल्या माणसांचा विचार केला होता. मग एरवी घर ते स्टेशन एवढीच गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी चौदा तास चालवायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

या रस्त्यावर घाट, गावे, वळणे आणि ठिकठिकाणची कामे धरली तर ताशी सरासरी पन्नासच्या पुढे धरू नये. म्हणजे १६०० किलोमीटरला बत्तीस तास नुसते चालवण्याचे झाले. पहिला मुक्काम कणकवलीच्या आसपास, दुसरा उडुपीला, तिसरा कोळिकोडला, चौथा अलप्पुळाला आणि पाचव्या दिवशी दुपारी कन्याकुमारी. सकाळी उजाडल्यावर निघावे, दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटे सर्वांनी खाली उतरावे, जेवण हलके ठेवावे आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोचावे. सुटी आठच दिवसांची असेल तर कारवारपर्यंत जाऊन समुद्र पाहून परत या. कारवारचा समुद्र काही कमी सुंदर नाही.

परतीचा प्रवास तर आधीच ठरवून ठेवा. माझा अनुभव असा, की जाताना माणसे थोडीतरी सावध असतात, येताना नसतात. पैसे संपत आलेले, अंग मोडलेले, सोमवारी ऑफिस आणि मुलांची शाळा. मग शेवटचे दोन टप्पे एकत्र केले जातात. सोमवारी हजर व्हायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी पनवेलला पोहोचेल असाच हिशेब ठेवा. रविवार मध्ये मोकळा राहिला तर कपडे तरी धुऊन होतील.

चालकाची झोपही तुमचीच

अनेक कुटुंबे भाड्याची गाडी आणि चालक घेतात. ‘आपल्याला काय, तो चालवेल, आपण झोपू’ असा विचार असतो. अशा वेळी गाडीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा, हा चालक काल रात्री कुठे होता? लग्नसराईत आणि सुट्यांत चालक शिर्डीहून पहाटे येतो आणि सकाळी आठला तुमच्या दारात उभा राहतो. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण त्याचे घर त्या भत्त्यावर चालते. त्याच्यावर रागावून काही होत नाही, निघण्याची वेळ संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळची करून मात्र खूप काही होते.

दुसरे असे, की मुक्कामाच्या ठिकाणी आपण सात जण दोन खोल्या घेतो आणि चालक गाडीतच आसन मागे टाकून झोपतो. डास, उकाडा आणि गाडीतल्या सामानाची राखण. सकाळी त्याच माणसाच्या हातात आपण आई, बायको, मुले सोपवतो. लॉजवर त्याच्यासाठी एका खाटेचे पैसे मोजा. देवदर्शनाच्या दानपेटीत टाकतो त्याहून ही रक्कम फार मोठी नसते. त्याला जेवायला आपल्याबरोबर, आपल्याच वेळेला बसवा. आणि रात्री ‘अजून एक ठिकाण करून टाकू’ हा आग्रह धरू नका. तो ‘चालेल साहेब’ म्हणणार हे तुम्हालाही ठाऊक असते.

चालकाच्या शेजारच्या आसनावर बसणाऱ्याने झोपू नये. ज्याला झोपायचे आहे त्याने मागे जावे.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुढच्या आसनांवरचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे दगावले. मागच्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. लहान मूल मांडीवर घेतले की ते सुरक्षित आहे असे आईला वाटते, पण धडकेच्या क्षणी कोणाच्याही हातांत त्याला धरून ठेवण्याइतके बळ नसते. मुलांचे वेगळे आसन गाडीत बसवून घ्या आणि तेही मागेच.

गाडीतले भांडण

पाच दिवस सहा माणसे एका पत्र्याच्या डब्यात बसली की भांडण होणारच. मुलांना खिडकी हवी असते, आजोबांना पंखा नको असतो, वहिनींना एसी हवा असतो आणि रस्ता चुकला की मोबाइलवर नकाशा पाहणारा व गाडी चालवणारा एकमेकांकडे असे पाहतात, की मागच्यांनी गप्प बसावे. हे मी हसण्यावारी सांगतो आहे, पण रागाच्या भरात ओव्हरटेक करणाऱ्याचे हसू येत नाही. चालकाशी वाद गाडी थांबल्यावर घालावा. मुक्कामी पोहोचल्यावर प्रत्येकाला तासभर एकटे राहू द्यावे. ज्याला फिरायचे त्याने फिरावे, ज्याला पडायचे त्याने पडावे. सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहायचे या हट्टाने निम्म्या सहली नासतात.

चिडचिडीमागे काही वेळा आजारही असतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाचे जेवण लांबले तर रक्तातील साखर उतरते. हात थरथरणे, घाम, धडधड आणि अकारण संताप ही त्याची लक्षणे. ‘बाबा उगाच चिडले’ असे म्हणून सगळे गप्प बसतात आणि बाबा गाडी चालवत राहतात. अशा वेळी गाडी थांबवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, मग काही खायला द्यावे. साखर नेहमीसारखी झाल्यावरही पाऊण तास चाक हातात देऊ नये. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि बर्फालाही टेकवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा डबा सावलीत ठेवला तरी चालतो.

उन्हात बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरपेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापू शकते. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला किंवा झोपलेल्या आजीला आत ठेवून जाऊ नये.

गाडी लागण्याचे म्हणाल, तर त्यात पोटापेक्षा कानाचा दोष अधिक. आतल्या कानाला गाडी वळते आहे हे कळते आणि डोळे मात्र मोबाइलवर स्थिर असतात. मेंदू गोंधळतो. घाटात मोबाइल व पुस्तक बंद, नजर लांब समोर, पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको, खिडकी थोडी उघडी. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तास-अर्धा तास घ्यावी. एव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांचेही तेच. दोन वर्षांखालील मुलांना या गोळ्या अजिबात देऊ नयेत.

आता जे कुणी मोकळेपणाने बोलत नाही ते सांगतो. लांबच्या प्रवासाहून परतलेल्या स्त्रिया लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. कारण विचारले की खाली पाहून सांगतात, ‘वाटेत सोय नसते म्हणून पाणीच पीत नाही.’ सोय शोधण्याची जबाबदारी त्यांची एकट्याची नाही. दर दोन तासांनी थांबायचे ठरलेच आहे, तर ते थांबणे स्वच्छ शौचालय असलेल्या पंपावर किंवा हॉटेलातच असावे आणि हे गाडी चालवणाऱ्याने स्वतःहून पाहावे. ज्यांना सकाळी रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी असते, त्यांनी ती मनानेच बंद न करता वेळ बदलता येईल का हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

वयस्कर मंडळी नव्या खोलीत रात्री उठली, की दार कुठे हेच त्यांना कळत नाही. कधीकधी तर आपण कुठल्या गावी आहोत याचाही विसर पडतो. न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवा आणि झोपण्यापूर्वी त्यांना ती वाट एकदा चालवून दाखवा. प्रवासातली कित्येक खुब्यांची हाडे रस्त्यावर नव्हे, लॉजच्या ओल्या फरशीवर मोडतात.

वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ वर कळवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हाही क्रमांक आहे. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती आता बाळगू नका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अशा माणसाला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

राहता राहिले पाय. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनमध्ये लोक बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने आश्रयस्थानांत रात्ररात्र खुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यापैकी काहींच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाते, हे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले. सलग चार तासांहून अधिक बसून राहिले की हा धोका सुमारे दुप्पट होतो, मग वाहन मोटार असो की विमान. निरोगी माणसाला तो तसा थोडाच असतो. पण गरोदर स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. बसल्या जागी टाचा व चवडे वर-खाली करावेत आणि थांब्यावर चालावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. गुठळीचा त्रास प्रवास संपल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर चालून चालून दुखते आहे असे समजून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत कळ आली तर दवाखान्याची वेळ पाहू नका, सरळ मोठे रुग्णालय गाठा आणि ‘आम्ही नुकताच लांबचा प्रवास केला आहे’ हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.